सदतिसावा आवाज

मित्रांनो, मी एक जुनी कॅसेट आहे. कॅसेट म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे फीत आली असेल, तर ती आधी काढून टाका. माझ्यात फीत नाही, चाके नाहीत, गुंडाळण्यासारखे काहीच नाही. मी व्हिडिओ गेमची कॅसेट. टीव्हीला जोडलेल्या यंत्राच्या खाचेत मला खट्कन बसवायचे, बटण दाबायचे, की खेळ सुरू. मला कॅसेट हे नाव कोणी दिले कोण जाणे. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, त्यातला प्रकार. पण एकदा चिकटले ते चिकटले. नावांविषयी मला पुढे बरेच बोलायचे आहे, म्हणून ही कुरकुर आधीच करून घेतली.

माझे अंग करड्या प्लास्टिकचे आहे. एक कोपरा उडालेला आहे. पाठीवर दोन स्क्रू आहेत आणि त्यांतला एक मूळचा नाही. आत हिरवी पाटी आहे, पाटीवर एक काळी चिप आहे आणि त्या चिपच्या पोटावर काचेची इवलीशी खिडकी आहे. दुकानात विकायला गेलेल्या माझ्या बहिणींना ही खिडकी नाही. ती फक्त माझ्यासारख्या नमुन्याच्या कॅसेटला असते. खिडकीतून प्रखर उजेड आत सोडला की चिपमध्ये लिहिलेले सारे पुसते आणि नवे लिहिता येते. म्हणजे उजेड हा आमचा खोडरबर. मग उन्हाचे काय, असे तुम्ही विचाराल. तेच तर माझे दुखणे आहे. ऊन लागू नये म्हणून खिडकीवर एक चिठ्ठी चिकटवतात. कारखान्यातली माणसे मला सारखी उघडमीट करत, म्हणून माझ्या पाठीला चौकोनी भोकच पाडलेले होते. माझ्यात आणि उन्हात ती एक चिठ्ठी काय ती होती.

कारखाना म्हणजे तरी काय, टायरच्या दुकानावरच्या अडीच खोल्या. जिना चढताना रबराचा वास नाकात भरायचा. पहिल्या खोलीत मालक बसत. दुसऱ्या खोलीत प्रोग्राम लिहिणारी बाई आणि चित्रे काढणारे एक गृहस्थ. आणि अर्ध्या खोलीत, जिथे पूर्वी मोरी होती, तिथे आवाज करणारा तरुण. त्याच्या खिशात कायम स्क्रू, बटणे, किल्ल्या, बाटल्यांची झाकणे असत. तो चालला की वाजायचा. म्हणून सगळे त्याला खुळखुळा म्हणत. त्यालाही ते नाव आवडायचे.

माझ्यात जो खेळ होता त्याचे नाव होते 'शिडीवाला'. एक बुटका माणूस शिडी घेऊन गावभर फिरतो, खांबांवर चढतो आणि गेलेले दिवे बदलतो. खाली कुत्री असतात, वर वारा असतो, मध्येच पायरी निसटते. या साऱ्याचे आवाज खुळखुळ्याने केले. त्या काळी माझ्यासारख्या चिपमध्ये खरा आवाज भरायला जागाच नसायची. आवाज आकड्यांत लिहावा लागे. खुळखुळा डब्याचे झाकण उघडायचा, 'टुण्' असे वाजायचे, मग तो डोळे मिटून बसायचा आणि तोच 'टुण्' आकड्यांनी उभा करायचा. सत्तर वेळा खोडून शिडीवाल्याच्या उडीचा 'टुणुक' झाला. तो पहिल्यांदा वाजला तेव्हा बाईंच्या हातातला चहा सांडला आणि त्या म्हणाल्या, "अरे, हा तर हसतोय!" असे छत्तीस आवाज त्याने केले. मी मनातून फार सुखावले होते.

सदतिसावा आवाज ठरवून झाला नाही. एका दुपारी घरी सांभाळायला कोणी नव्हते, म्हणून खुळखुळ्याने साडेचार वर्षांच्या लेकीला कामावर आणले. तिला सगळे पिटू म्हणत. ती स्टुलावर उभी राहून खेळ बघत होती. शिडीवाला पडला, खेळ संपला, की ती दोन्ही हात वर करून ओरडायची, "पुन्ना!" तिला 'पुन्हा' म्हणता येत नव्हते. बाप खेळायचा, मुद्दाम पडायचा, ती ओरडायची. शेवटी त्याने मायक्रोफोन आणला आणि तो शब्द पकडला. एका सेकंदाहूनही कमी होता, तरी तो माझ्यात मावेना. बाईंनी आपल्या प्रोग्राममध्ये काटछाट केली आणि चिपच्या अगदी शेवटच्या कोपऱ्यात जागा करून दिली. त्यानंतर खेळ संपला की माझ्या पोटातून एक लहान मुलगी ओरडू लागली, "पुन्ना!" बाकीचे छत्तीस आवाज आकड्यांतून घडवलेले होते. हा एकटाच माणसाच्या तोंडून आलेला होता.

नमुना तपासायला बोलावलेली मुले त्या एका शब्दासाठी मुद्दाम हरत. माझ्यावर तर नुसती झोंबाझोंबी चालायची. जो येईल तो मला यंत्रातून उपसायचा आणि माझ्या तोंडात जोरात फुंकर मारायचा. फुंकरीने कॅसेट चालते, हा माणसांचा लाडका गैरसमज. अहो, फुंकरीबरोबर थुंकी येते, थुंकीने पितळ गंजते! पण ती दुखण्यावर घातलेली फुंकर आहे असे समजून मी सोसत असे. ते माझे सर्वांत चांगले सहा महिने होते.

मग मालकांनी खेळ बघितला. 'पुन्ना' ऐकून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"हे काय बोबडं? कुणाची पोर आहे?"

"माझी," खुळखुळा म्हणाला.

"घरचं कौतुक घरी. काढा ते."

ते काढले. दुकानात गेलेल्या हजारो कॅसेटमध्ये छत्तीसच आवाज आहेत. आणि खेळ संपल्यावर पडद्यावर जी नावे वर सरकत जातात, त्यांत 'सर्व आवाज' या शब्दांपुढे मालकांनी स्वतःचे नाव घातले. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. खुळखुळा भांडला नाही. त्याने मला खिशात टाकले, माझ्या खिडकीवर कोरी चिठ्ठी चिकटवली आणि तिच्यावर बारीक अक्षरात लिहिले, 'नमुना. आवाज सदतीस.' खाली स्वतःचे पूर्ण नाव. वर्षभरात त्याने ती नोकरी सोडली आणि लिफ्टच्या घंटा नि धोक्याचे भोंगे बसवायचे काम धरले. त्याच्या नावाचा कागदोपत्री पुरावा म्हणाल तर माझ्या खिडकीवरची ती चिठ्ठी, आणि आत ती मुलगी.

मला त्याने पिटूला खेळायला दिले, आणि इथेच घात झाला.

पिटू सहा वर्षांची झाली होती आणि तिला चिकटवायच्या चित्रांचे वेड लागले होते. कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला तिने फुले, मोटारी, फळांवरचे शिक्के, हाती येईल ते चिकटवले होते. एका सकाळी तिने माझ्या पाठीवरची चिठ्ठी नखाने उचकटली. तिचा काही दोष नव्हता. चिठ्ठी छान होती, चंदेरी कडा होती, आणि मूल ते मूल. मला मात्र ओरडावेसे वाटत होते. माझ्याच पोटात तिचा आवाज होता आणि तिलाच हाक मारता येत नव्हती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो मी त्या दिवशी खाल्ला. चिठ्ठीचा एक तिरका तुकडा तेवढा काचेला चिकटून राहिला. मग तिने मला गच्चीकडच्या उघड्या खिडकीत, पालथे, पाठ आभाळाकडे करून ठेवले आणि ती मला विसरली.

मित्रांनो, दोन उन्हाळे मी तिथे पडून होते. पुसले जाणे दुखत नाही. दुखले असते तर बरे झाले असते. आज कुत्र्याचे भुंकणे आठवेना, उद्या तिसऱ्या गल्लीतला खांब सापडेना, असे होत होत एक दिवस खेळ सुरू कसा करायचा हेच मला आठवेना. 'पुन्ना' शेवटच्या कोपऱ्यात होता. त्याच्यावर तो चिठ्ठीचा तिरका तुकडा अर्धवट आला होता. तुकड्याच्या सावलीत जेवढे होते तेवढे राहिले. बाकीचे उन्हाने नेले.

एके दिवशी खुळखुळा खिडकी पुसायला आला आणि त्याने मला उचलले. माझी उघडी काच बघून त्याने तिच्यावरून अंगठा फिरवला. त्याने मला यंत्रात घालून पाहिले. पडद्यावर नुसत्या राखाडी रेघा उमटल्या. पिटू दारात उभी होती. "बाबा, काय झालं?" तिने विचारले. त्याने माझ्याकडे पाहिले, तिच्याकडे पाहिले आणि म्हणाला, "काही नाही गं, जुनी झाली." मग त्याने खिडकीवर काळी चिकटपट्टी लावली आणि मला घंटांच्या सुट्या भागांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवले. चिठ्ठी कोणी काढली हे त्याला ठाऊक होते. पण त्याने पुढे कधीही ताकास तूर लागू दिली नाही.

त्या डब्यात माझी तीसएक वर्षे गेली. बाहेर काय चालले होते ते मला डबा उघडला की कळायचे. 'टुणुक' मोठा झाला होता. जुन्या खेळांतले आवाज काढून, कापून, त्यांची नवी गाणी करायची लाट आली होती आणि 'टुणुक' साऱ्यांच्या तोंडी बसला होता. गाण्यांत टुणुक, जाहिरातीत टुणुक. खुळखुळ्याने एकदा घरी येऊन सांगितले, की तो लिफ्टची घंटा दुरुस्त करत असताना आतल्या एका बाईंचा फोन वाजला, टुणुक! तो म्हणाला, "हा माझा आवाज." लिफ्टमधली माणसे हसली. एक जण म्हणाला, "असं होय? मग चंद्रही तुम्हीच टांगला असेल."

आता खरे सांगायचे तर त्यात थोडा दोष खुळखुळ्याचाही होता. तो पट्टीचा थापाड्या. लिफ्टमध्ये अडकलेल्या एका वकिलाला आपण नुसत्या शिट्टीने चार मजले खाली आणले, असे तो शपथेवर सांगायचा. आपण ज्या घंटेला हात लावला ती पुन्हा कधी बिघडली नाही, असेही म्हणायचा, आणि त्याच आठवड्यात ती बिघडायची. 'लांडगा आला रे आला' हे तुम्ही ऐकले असेलच. ज्या एका बाबतीत तो खरे बोलत होता, तिथेही कोणी विश्वास ठेवत नव्हते. घरातलेसुद्धा नाही.

पिटू मोठी झाली आणि काय गंमत पाहा, तिने आवाजांचेच काम धरले. जुन्या कॅसेट उघडायच्या, चिपमधले सारे संगणकात उतरवायचे, त्यातून एकेक आवाज वेगळा करायचा आणि वादकांना वापरायला द्यायचा. तिची खोली सोल्डरच्या धुराने आणि तारांनी भरलेली असे. जुन्या खेळांच्या एका संग्रहालयाने तिला मोठे काम दिले होते. तीनशे खेळांतले आवाज गोळा करायचे आणि प्रत्येकापुढे तो कोणी केला त्याचे नाव लिहायचे. 'शिडीवाला'पुढे तिने मालकांचे नाव लिहिले होते. पडद्यावर तेच होते ना!

खुळखुळ्याने ती यादी बघितली. तोवर त्याचे वय झाले होते आणि कान जात चालले होते. आयुष्यभर भोंग्यांशेजारी उभे राहिल्याचे ते फळ होते. कानांच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितले होते, "जे ऐकायचंय ते या वर्षात ऐकून घ्या, काका." बारीक आवाज तर त्याचे केव्हाच गेले होते. म्हणून त्याला घाई होती. त्याने डबा उघडला, मला काढले आणि लेकीच्या टेबलावर ठेवले.

"पिटू, हे आवाज माझे आहेत गं. सगळे."

"बाबा, तुम्ही तिथं नोकरीला होता, मान्य. पण सगळे तुमचे? मग नाव का नाही?"

"यातला सदतिसावा काढ. विकलेल्या कॅसेटमध्ये तो नाही."

"काय आहे त्यात?"

"ऐकशील तेव्हा कळेल."

"कोडी नकोत हो. शुक्रवारी यादी पाठवायचीय मला."

"पुन्ना?" त्याने कानाला हात लावून विचारले.

पिटू चिडली. "शुक्रवारी! यादी! आणि ते बोबडं बोलणं तेवढं बंद करा. ऐकू आलं नाही तर माणूस 'काय' म्हणतं, 'पुन्हा सांग' म्हणतं. दिवसभर पुन्ना, पुन्ना! लोकांसमोर चिडवल्यासारखं वाटतं मला."

मी टेबलावर पडल्या पडल्या तळमळत होते. सांग ना रे, मी म्हणत होते, आत कोण आहे ते सांगून टाक! पण त्याने सांगितले नाही. सांगून पटवायचे त्याचे दिवस संपले होते. त्याने सांगितले असते तर ती आणखी एक थाप झाली असती. आणि माझ्यातले का पुसले गेले, हेही मग सांगावे लागले असते.

पिटूने मला उघडले. स्क्रू तिने इतक्या हळुवार हाताने फिरवले, की मला ती सहा वर्षांची आठवली. काळी पट्टी तिने काढली नाही, उलट तिच्यावर बोट दाबून ती नीट बसवली. कामात ती बापासारखीच आहे. मग तिने चिप उचलून एका लहान यंत्रात बसवली आणि माझ्यातले जे काही उरले होते ते सारे संगणकाच्या पडद्यावर उतरले. इतक्या वर्षांनी कोणी मला वाचत होते. आनंद व्हायला हवा होता, पण मला धाकधूकच फार वाटत होती. माझ्यात काय उरले आहे, हे माझे मलाच नीट माहीत नव्हते.

छत्तीसपैकी एकोणीस आवाज ओळखू आले. बाकीच्यांचा चुरा झाला होता. अगदी शेवटी, कोणत्याही ओळखीच्या आवाजाशी न जुळणारा एक तुकडा होता. पिटूने तो वाजवला.

खर्रर्र. खस्स.

"सदतीस, खरखर," तिने वहीत लिहिले. मग थोडा विचार करून पुढे लिहिले, 'झांज म्हणून चालेल.'

मित्रांनो, त्या क्षणी मला जे वाटले ते शब्दांत सांगता येणार नाही. माझ्या पोटातली ती लहान मुलगी आता कोणाच्या तरी गाण्यात झांज होणार होती. आणि तिला झांज कोण करत होते, तर ती स्वतःच!

जेवताना खुळखुळ्याने विचारले, "निघाला का?"

"खरखर आहे नुसती. उन्हानं गेली असणार."

"सरळ वाचलास ना? तो उलटा वाचायचा." त्याने टेबलावर आठ काड्या मांडल्या. "आवाजाच्या खुणांचे आठ-आठचे गठ्ठे असतात. खेळाचं ते जुनं यंत्र प्रत्येक गठ्ठा शेवटून वाचायचं. शेवटचा उभा असेल त्याला पहिला आत घ्यायचं. गठ्ठ्यांचा क्रम तोच ठेव, आतलं तेवढं उलटं कर."

"हो, आणि मग त्यातून वकील बाहेर येईल, चार मजले खाली," पिटू म्हणाली.

तो हसला नाही. त्याने काड्या गोळा करून खिशात टाकल्या आणि तो हात धुवायला उठला. चालताना त्याचा खिसा वाजत होता.

शुक्रवारी सकाळी पिटू यादी पाठवायला बसली. मालकांचे नाव जिथल्या तिथे होते. पाठवायचे बटण दाबायच्या आधी ती थांबली. चिप पुन्हा आत बसवून तिने मला समोरच ठेवले होते. तिचा चेहरा अजून आठवतो, कपाळावर आठी आणि ओठ घट्ट मिटलेले. "एकदा करून टाकते," ती स्वतःशीच पुटपुटली, "म्हणजे हा विषय तरी संपेल." बापाला खोटे पाडण्यासाठी का होईना, तिने प्रत्येक गठ्ठा उलटा केला आणि तुकडा वाजवला.

खर्रर्र... "न्ना!"

ती दचकली. पुन्हा वाजवला. आधी खरखर आणि मग एका लहान मुलीचा, आनंदाने फाटलेला आवाज. "न्ना!" तिसऱ्यांदा वाजवला. तो शब्द कोणता, हे तिला कळेना. पण हा आवाज माणसाचा होता आणि तो तिथे आहे असे बाबांनी सांगितले होते, एवढे कळले. ती संगणक उचलून शेजारच्या खोलीत धावली. मला मात्र ती हातात धरून न्यायला विसरली नाही.

खुळखुळा खिडकीशी बसून एक जुनी घंटा घासत होता. तिने संगणक त्याच्यापुढे ठेवला, आवाज पूर्ण वाढवला आणि बटण दाबले.

"न्ना!"

त्याने मान तिरकी केली. कान पुढे केला. लहान मुलीचा आवाज बारीक असतो आणि नेमके बारीकच त्याचे गेले होते. त्याला नुसते काहीतरी खसखसले असावे. पस्तीस वर्षे ज्याची वाट पाहिली ते समोर वाजत होते आणि त्याला ते ऐकू येत नव्हते.

"पुन्ना?" त्याने विचारले.

पिटूचा हात बटणावरच थांबला.

ती बापाकडे बघत राहिली. मग तिने अगदी सावकाश पुन्हा बटण दाबले. न्ना. बापाचे तोंड, संगणकातली मुलगी. बापाचा शब्द, चिपमधला उरलेला अर्धा शब्द. ती खाली जमिनीवर बसली.

"बाबा, ही मी आहे?"

हे मात्र त्याला तिच्या ओठांवरून कळले. "मग आणखी कोण! साडेचार वर्षांची होतीस. स्टुलावर उभी होतीस, लाल बूट होते. मी पडलो की ओरडायचीस. तुला आठवत नाही, मला कसं विसरता येईल? तेव्हापासून मी तेच म्हणतो. तुला वाटतं मी चिडवतो."

पिटूच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. थोड्या वेळाने तिने मला उलटे केले आणि काळ्या पट्टीवर बोट ठेवले. "अर्धाच का उरला? इथं नमुन्याच्या कॅसेटला चिठ्ठी असते. ती कोणी काढली?"

"पुन्ना?" खुळखुळा म्हणाला.

"चिठ्ठी, बाबा! कोणी काढली?"

"ऐकू नाही येत गं," तो म्हणाला आणि घंटा घासू लागला.

या वेळी त्याला नक्की ऐकू आले होते. मी पैजेवर सांगते. पिटूलाही ते समजले असावे, कारण ती उठली आणि आतल्या कपाटाकडे गेली. दार उघडून तिने आतल्या बाजूवरून हात फिरवला. कपाटाला मधल्या काळात तीनदा रंग दिला होता. फुले, मोटारी, फळांवरचे शिक्के, सारे रंगाखाली गेले होते. एका जागी तिच्या बोटांना छोटा चौकोनी उंचवटा लागला. त्याचा एक कोपरा तिरका फाटलेला होता. तिने नख लावले आणि मग मागे घेतले. खरवडले असते तर रंगाबरोबर अक्षरेही गेली असती. ती तिथेच कपाळ दाराला टेकून बराच वेळ उभी राहिली.

यादी त्या दिवशी गेली ती बापाचे नाव लिहून. महिन्याभराने संग्रहालयाचे उत्तर आले. अर्धा शब्द हा पुरावा म्हणून अपुरा आहे, असे त्यांनी नम्रपणे कळवले होते. चिठ्ठी उपलब्ध नाही, प्रोग्राम लिहिणाऱ्या बाईंचा पत्ता लागत नाही, म्हणून मालकांचे नाव राहील. मात्र त्यापुढे ते प्रश्नचिन्ह टाकतील. पिटूचा संताप झाला. तिने उत्तर मोठ्याने वाचून दाखवले, दोनदा.

खुळखुळा मात्र हसला. "प्रश्नचिन्ह तर प्रश्नचिन्ह. पस्तीस वर्षं तिथं पूर्णविराम होता."

मला नाही हसू आले. मी अजून रागावलेली आहे. 'टुणुक' ऐकून जगभर माणसे खूश होतात आणि तो ज्याने केला तो एका प्रश्नचिन्हाच्या मागे उभा आहे. त्याचे कान तर आता जवळजवळ गेलेच. तरी रोज संध्याकाळी पिटू सदतिसावा आवाज लावते. तो संगणकाच्या कर्ण्यावर तळहात ठेवतो. लिफ्टमधली घंटा लागते की नाही, हे तो असेच हात ठेवून पाहायचा. "लागला," तो म्हणतो. तो आवाज पिटूने इतर आवाजांच्या संचात दिलेला नाही. बाकीचे वापरा, कापा, गाण्यात घाला, आम्हाला आनंदच आहे. त्या मुलीची झांज मात्र होणार नाही.

माझ्या खिडकीवर आता नवी चिठ्ठी आहे. पिटूने ती स्वतः लिहिली. 'नमुना. आवाज सदतीस.' खाली बापाचे पूर्ण नाव. पण मित्रांनो, माझी चिप म्हातारी झाली आहे. नव्या चिठ्ठीने ऊन अडते, वय अडत नाही. संगणकात माझी नक्कल आहे म्हणून मला टाकून द्यावे, असे कोणी म्हणेलही. तुम्ही तसे म्हणू नका. एखाद्या जुन्या वस्तूवर कोणाच्या हाताने लिहिलेली चिठ्ठी दिसली तर ती कितीही सुंदर असली तरी उचकटू नका. ती कशाला झाकते आहे, हे आधी विचारा. आणि घरातले म्हातारे माणूस एकच बोबडा शब्द पुन्हा पुन्हा बोलत असेल, तर चिडण्याआधी तो त्याला कोणी दिला, हेही विचारा.

माझ्याकडे त्या शब्दातला 'न्ना' तेवढा उरला आहे. 'पु' खुळखुळ्याकडे आहे. त्यालाही जपा.